लाटेचाच लगाम

यवतमाळहून समुद्र गाठायचा तर पूर्वेला जा की पश्चिमेला, सरळ रेषेतसुद्धा साडेपाचशे किलोमीटरच्या पुढे जावे लागते. अशा जिल्ह्यातल्या वाचकाच्या हाती खोल समुद्रात तरंगणाऱ्या पवनचक्क्यांवरचे पुस्तक दिले, तर तो आधी विचारणार, ‘आमचा आणि समुद्राचा संबंध काय?’ प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर विजेच्या तारांत आहे. वणी तालुक्यातल्या उकणी, निलजई, मुंगोली या वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणींतून वर्षानुवर्षे कोळसा निघतो आहे. शेजारच्या चंद्रपूरला २,९२० मेगावॅटचे औष्णिक वीजकेंद्र आहे. चंद्रपूरहून निघालेली ५०० किलोव्होल्टची डीसी वाहिनी साडेसातशे किलोमीटर धावून मुंबईजवळच्या पडघ्याला पोचते. १९९९ मध्ये सुरू झालेल्या या वाहिनीची क्षमता १,५०० मेगावॅट आहे. म्हणजे समुद्रकाठाशी विदर्भाचा व्यवहार जुनाच आहे, फक्त एकतर्फी आहे: धूळ आणि राख इकडे, वीज तिकडे. कोळशाचे दिवस सरतील तेव्हा वीज कुठून येईल, हे ठरवणारी काही यंत्रे आज समुद्रावर आकार घेत आहेत. ती समजून घेण्याची गरज खाणीच्या जिल्ह्याला इतरांपेक्षा कांकणभर जास्तच आहे.

या पुस्तकाचा विषय त्या यंत्रांतला एक नेमका पेच आहे. तरंगती पवनचक्की लाटांवर डोलते. ज्या लाटा तिला डोलवतात, त्यांच्याकडूनच थोडी ऊर्जा काढून घेऊन तिचे डोलणे कमी करता येईल का? विचार ऐकायला फार सोयीचा वाटतो. दगड एक आणि पक्षी दोन. अशा सोयीच्या विचारांकडे इंजिनिअराने जरा संशयानेच पाहायचे असते. म्हणून या प्रस्तावनेत मी विषयाची ओळख करून देताना त्याचा हिशेबही मांडणार आहे.

तरंगायचे कशाला?

समुद्रावरचा वारा जमिनीवरच्या वाऱ्यापेक्षा वेगवान असतो आणि एकसारखा वाहतो. तिथे डोंगर, झाडे, घरे त्याला अडवत नाहीत. जगातली पहिली समुद्री पवनचक्क्यांची रांग १९९१ मध्ये डेन्मार्कमधल्या विन्डेबी इथे उभी राहिली. त्या चक्क्या उथळ पाण्यात, थेट समुद्रतळावर पाया घालून उभ्या केल्या होत्या. आजही बहुतेक समुद्री चक्क्या अशाच असतात. पण पाणी ५०–६० मीटरपेक्षा खोल झाले की पायाचे पोलाद आणि खर्च झपाट्याने वाढतो. जगातला बराचसा चांगला वारा तर त्याहून खोल पाण्यावर वाहतो. मग पाया सोडून द्यायचा, चक्की तरंगत्या तळावर बसवायची आणि तो तळ साखळदंडांनी नांगरून ठेवायचा, हाच मार्ग उरतो.

ही कल्पना अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचे प्राध्यापक विल्यम हेरोनेमस यांनी १९७२ मध्ये मांडली. ती मोठ्या आकारात पाण्यावर उतरायला २००९ साल उजाडले. त्या वर्षी नॉर्वेच्या किनाऱ्यापासून दहाएक किलोमीटरवर, २०० मीटर खोल पाण्यात, हायविंड नावाची २.३ मेगावॅटची चक्की तरंगू लागली. २०१७ मध्ये स्कॉटलंडच्या पीटरहेडसमोर सहा मेगावॅटच्या पाच चक्क्या आल्या. पोर्तुगालच्या विआना दु कास्तेलोसमोर २०२० मध्ये ८.४ मेगावॅटच्या तीन, आणि २०२३ मध्ये नॉर्वेच्या तेलक्षेत्रांना वीज देणाऱ्या हायविंड टाम्पेनच्या अकरा, एकूण ८८ मेगावॅटच्या. चक्की तरंगते, टिकते आणि वीज देते, एवढे आता सिद्ध झाले आहे. ती स्वस्त मात्र अजून झालेली नाही. खर्चाचा मोठा वाटा तिला सरळ उभे ठेवण्यात जातो.

सरळ उभे राहण्याचा खर्च

संशोधनात नमुन्यादाखल वापरली जाणारी एक पाच मेगावॅटची चक्की घेऊ. अमेरिकेच्या नॅशनल रिन्यूएबल एनर्जी लॅबोरेटरीने तिचे सारे तपशील खुले केले असल्याने जगभरचे अभ्यासक तिच्यावर गणिते करतात. तिच्या पात्यांच्या फिरण्याचे वर्तुळ १२६ मीटर व्यासाचे आहे आणि त्याचा मध्य पाण्यापासून ९० मीटर उंचीवर आहे. तिथे पाती, तुंबा आणि जनित्राची पेटी मिळून ३५० टनांचे ओझे बसलेले असते. वारा ताशी चाळीसेक किलोमीटरने वाहू लागला की तो या चक्कीला सुमारे ८० टनांच्या जोराने मागे रेटतो. ८० टन आणि ९० मीटरची तरफ, म्हणजे बुडाशी ७,२०० टन-मीटरचे उलथवू पाहणारे आघूर्ण. तळ फक्त पाच अंशांनी झुकला तरी वरची साडेतीनशे टनांची पेटी जवळजवळ आठ मीटर सरकते. लाट गेली की ती तितकीच परत येते, आणि हे दिवसाला हजारो वेळा घडते.

अशा वस्तूला उभे ठेवायचे तीन मार्ग आहेत. पहिला वजनाचा: लांबच लांब पोलादी नळकांडे पाण्यात उभे सोडायचे आणि त्याच्या बुडाशी दगड-खनिजांचे वजन भरायचे. हायविंड हाच मार्ग वापरते. स्कॉटलंडमधल्या नळकांड्यांची पाण्याखालची खोली ७८ मीटर आहे. दुसरा मार्ग पसाऱ्याचा. एकमेकांपासून दूर ठेवलेले तीन-चार पोकळ खांब जोडायचे, किंवा सरळ रुंद तराफाच करायचा. कोकणातल्या अरुंद होडीला बाजूने बांधलेली उलांडी याच तत्त्वावर होडीला उलटू देत नाही. पोर्तुगालच्या चक्क्या अशा त्रिकोणी तळावर आहेत. वाऱ्याने तळ एका बाजूला कलला की पंप पाणी एका खांबातून दुसऱ्यात हलवतात आणि तळ पुन्हा समतोल होतो. तिसरा मार्ग ताणाचा: तळाला पाण्याच्या वर उसळायचे असते आणि ताठ केबलींनी त्याला खाली ओढून धरायचे.

पंपाचे पाणी वाऱ्याचा सरासरी रेटा तोलते. लाटांचे काम त्याला जमत नाही. समुद्रावरच्या बहुतेक ऊर्जावान लाटा ५ ते २० सेकंदांच्या अंतराने येतात. तेवढ्या वेळात टनावारी पाणी या खांबातून त्या खांबात नेणारा पंप परवडत नाही. म्हणून अभियंते तळाचा स्वतःचा दोलनकाल लाटांच्या पट्ट्यापासून दूर ठेवतात. नळकांड्याचा पुढेमागे झुकण्याचा दोलनकाल ३० सेकंदांच्या आसपास असतो, ताठ केबलींच्या तळाचा वरखाली होण्याचा तीनएक सेकंदांपेक्षाही कमी. तराफ्याचे मात्र हाल आहेत. पाच मेगावॅटच्या त्या नमुना चक्कीसाठी ४० मीटर लांब, ४० मीटर रुंद आणि १० मीटर उंच असा जो तराफा अभ्यासला गेला, त्याचा झुकण्याचा दोलनकाल १२ सेकंदांजवळ येतो. म्हणजे नेमका लाटांच्या गर्दीत. बांधायला सर्वांत सोपा तळ, आणि डोलायला सर्वांत तयार.

यात आणखी एक गुंता आहे आणि तो या विषयाचा मर्मबिंदू आहे. वारा ठरावीक वेगापेक्षा वाढला की चक्की आपली पाती थोडी वळवते, जेणेकरून जनित्रावर जास्त भार येऊ नये. पाती वळली की वाऱ्याचा रेटाही कमी होतो. जमिनीवर यात काही वावगे नाही. तरंगत्या चक्कीवर काय होते पाहा. तळ वारा येतो त्या बाजूला पुढे झुकतो तेव्हा पात्यांना वारा वाढल्यासारखा लागतो. यंत्रणा पाती वळवते, रेटा घटतो, आणि पुढे येणाऱ्या मनोऱ्याला जो अडथळा व्हायला हवा होता तोच नाहीसा होतो. मनोरा आणखी पुढे जातो. परतताना उलटे घडते: वारा कमी झाल्यासारखा वाटतो, पाती पुन्हा वारा पकडतात, आणि मागे जाणाऱ्या मनोऱ्याला मागेच ढकलतात. चक्की स्वतःच आपले डोलणे वाढवत नेते. हायविंडच्या अभियंत्यांना पाती वळवण्याची गती तळाच्या दोलनापेक्षा संथ करून हा प्रश्न सोडवावा लागला. पण संथ यंत्रणा म्हणजे वाऱ्याच्या झोतात जनित्राची ओढाताण. एका बाजूचे ओझे दुसऱ्या बाजूला गेले, इतकेच.

शॉकॲबचे तत्त्व

इथे लाटेची ऊर्जा काढून घेण्याचा विचार येतो. तो समजायला वणीकडच्या रस्त्यावर मोटरसायकल चालवलेली पुरे. कोळशाच्या ट्रकांनी खोदलेल्या खड्ड्यांतून गाडी जाते तेव्हा स्प्रिंग धक्का झेलते, पण उसळी थांबवते ते शॉकॲबमधले तेल. ते बारीक छिद्रातून ढकलले जाते, गरम होते, आणि हालचालीची ऊर्जा उष्णतेत निघून जाते. तेल गळालेल्या गाडीची स्प्रिंग शाबूत असते, तरी ती खड्डा गेल्यावरही उड्या मारत राहते. म्हणजे हालचाल शमवायची असेल तर तिच्यातली ऊर्जा कुठेतरी काढून टाकावी लागते. अडवून भागत नाही, काढूनच घ्यावी लागते.

तरंगत्या तळाला असाच शॉकॲब लावला आणि त्यातल्या दाबाखालच्या तेलाने उष्णतेऐवजी जनित्र फिरवले, तर डोलणे शमेल आणि वीजही मिळेल. ही तुलना नुसती तुलनाही नाही. कित्येक लाटयंत्रांत खरोखरच तेलाचे सिलिंडर असतात.

डोलणे शमवण्याची विद्या जहाजांइतकी जुनी आहे. जर्मन अभियंता हेर्मान फ्राम यांनी १९१०च्या सुमारास जहाजात इंग्रजी ‘यू’ आकाराच्या पाण्याच्या टाक्या बसवल्या. जहाज एका बाजूला कलले की टाकीतले पाणी मागाहून, नेमके उलट्या वेळी, दुसरीकडे पोचायचे. तरंगत्या चक्क्यांसाठी अशा टाक्यांचा अभ्यास आजही चालू आहे. लाटेपासून वीज करण्याची धारा वेगळी. जपानचे योशिओ मासुदा यांनी १९६०च्या दशकात लाटांवर चालणारे दिव्याचे बोये प्रचारात आणले. पोकळ नळीत लाट चढली की आतली हवा बाहेर ढकलली जाते, उतरली की आत ओढली जाते, आणि तोंडाशी बसवलेली टर्बाइन फिरते. १९७३च्या तेलसंकटानंतर एडिंबरोच्या स्टीफन सॉल्टर यांनी लाटेवर डुलणारे ‘बदक’ घडवले. त्याच दशकात बेलफास्टच्या अ‍ॅलन वेल्स यांनी हवा आत येवो वा बाहेर जावो, एकाच दिशेने फिरणारी टर्बाइन शोधून काढली.

भारत या धारेत मागे नव्हता. विन्डेबीच्या चक्क्या उभ्या राहिल्या त्याच १९९१ साली केरळातल्या विळिंजम बंदराच्या बंधाऱ्याशी आयआयटी मद्रासच्या पुढाकाराने १५० किलोवॅटचे लाटवीज केंद्र सुरू झाले. वेल्स टर्बाइनचे समुद्रातले वागणे तिथे वर्षानुवर्षे मोजले गेले. केंद्र पुढे बंद पडले, अनुभव राहिला. २०२२ मध्ये आयआयटी मद्रासने तुतिकोरिनच्या किनाऱ्यापासून सहा किलोमीटरवर सिंधुजा-१ हे तरंगते लाटयंत्र उतरवले, त्याची क्षमता १०० वॅट. भारत पेट्रोलियमने २०२५ मध्ये मुंबईत १०० किलोवॅटच्या प्रायोगिक प्रकल्पासाठी इको वेव्ह पॉवर या इस्रायली कंपनीशी करार केला. आकडे लहान आहेत. लाटवीज अजून कुठेच मोठी झालेली नाही, हे विषयात शिरतानाच मान्य केलेले बरे.

वारा आणि लाट या दोन धारा एका तळावर आणण्याचे प्रयोग गेल्या दोन दशकांतले. डॅनिश कंपनी फ्लोटिंग पॉवर प्लांटने ३७ मीटर रुंदीचा तळ २००८ पासून विन्डेबीजवळच तरंगवला. त्यावर लाटयंत्रे होती, नंतर लहान चक्क्याही बसवल्या गेल्या. नॉर्वेतल्या ट्रॉनहाइमच्या विद्यापीठात नळकांड्याभोवती वरखाली सरकणारे पोलादी कडे बसवण्याची रचना पुढे आली. कडे लाटेबरोबर हलते, नळकांडे जवळजवळ स्थिर असते, आणि दोघांमधल्या फरकावर तेलाचे सिलिंडर चालतात. पोर्तुगालच्या त्रिकोणी तळाची कल्पना ज्या कंपनीची, तिनेही त्यावर लाटयंत्रे बसवून पाहण्याचा अभ्यास केला. बिल्बाओच्या बास्क विद्यापीठातले संशोधक चौकोनी तराफ्याच्या कोपऱ्यांत मासुदांसारख्या हवेच्या पोकळ्या ठेवतात आणि त्यांची तोंडे लाटेच्या कालानुसार उघडतात किंवा मिटतात. मिटलेल्या पोकळीत हवा दाबली जाते, तराफ्याचा कल रोखते. उघडलेली पोकळी श्वास घेते आणि टर्बाइन फिरवते. १२ सेकंदांच्या लाटेत डोलणाऱ्या त्या तराफ्याला या मदतीची सर्वांत जास्त निकड आहे.

वीज किती, ब्रेक किती

आता हिशेब. खोल पाण्यात लाटेची ताकद ढोबळमानाने काढायचे सूत्र सोपे आहे: लाटेच्या उंचीचा वर्ग, गुणिले दोन लाटांमधले सेकंद, भागिले दोन. उत्तर येते दर मीटर रुंदीमागे किलोवॅटमध्ये. उन्हाळ्यातली एक मीटर उंचीची, सहा सेकंदांची लाट घ्या: ३ किलोवॅट. पावसाळ्यातली तीन मीटरची, नऊ सेकंदांची लाट: ४० किलोवॅट. एकाच समुद्रात तेरापट फरक. ४० मीटर रुंद तराफ्यावर उन्हाळ्यात १२० किलोवॅट आदळतात, पावसाळ्यात १,६००. त्यातला पाव भाग हाती लागला असे धरले तर ३० आणि ४०० किलोवॅट. वर बसलेली चक्की ५,००० किलोवॅटची आहे. तीही वर्षभर पूर्ण क्षमतेने चालत नाही हे खरे, तरी लाटेची वीज तिच्या ताटातली चटणीच ठरते. एवढ्यासाठी समुद्रात सिलिंडर, झडपा आणि सांधे वाढवणे व्यवहारात बसणार नाही.

म्हणून हा विषय विजेच्या बाजूने मांडला की फसतो. तो ब्रेकच्या बाजूने मांडला पाहिजे. पोलादी मनोऱ्याचे आणि वेल्डिंगच्या सांध्यांचे आयुष्य वारंवार येणाऱ्या ताणाने झिजते, आणि ही झीज ताणाच्या साध्या प्रमाणात वाढत नाही. वेल्डिंगच्या सांध्यासाठी ती ताणाच्या फरकाच्या तिसऱ्या ते पाचव्या घाताप्रमाणे धरतात. डोलणे शमल्याने ताण दहा टक्क्यांनी घटला, तर झीज तिसऱ्या घाताने २७ टक्क्यांनी घटते आणि पाचव्या घाताने ४१ टक्क्यांनी. दहा टक्क्यांच्या शांततेतून आयुष्याची अशी कमाई होत असेल, किंवा तेवढ्याच आयुष्यासाठी पोलाद कमी लागत असेल, तर शॉकॲबचा खर्च तिथून निघू शकतो. वीज ही वरकड. या पुस्तकातली प्रत्येक रचना वाचकाने याच तराजूत घालावी, असे माझे सांगणे आहे.

ब्रेकचा खरा उपयोग कुठे, याचेही उत्तर पाहण्यासारखे आहे. पाती वळवण्याचा तो गुंता सोडवला असेल, तर पुढेमागे झुकताना फिरती पातीच हवेला अडून थोडाफार ब्रेक लावतात. डावी-उजवीकडे डोलताना मात्र पात्यांची कड हवेला कापत जाते, ब्रेक जवळजवळ शून्य. वारा एकीकडून आणि लाट दुसरीकडून आली की चक्की नेमकी या असहाय दिशेने डोलते. आपल्या समुद्रात हे घडते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी रत्नागिरीजवळ हिवाळ्यात वायव्येकडून येणाऱ्या लाटा नोंदवल्या. त्या अरबस्तानाकडच्या ‘शमाल’ वाऱ्यांनी उठवलेल्या असतात, कोकणातल्या वाऱ्याशी त्यांचा संबंध नसतो. अशा दिवशी लाटेला तिच्याच दिशेने लगाम घालणारे यंत्र पात्यांना न जमणारे काम करू शकते.

दोन हेतूंची ओढाताण

सोयीच्या विचारातली गोम इथे आहे. लाटेपासून जास्तीत जास्त वीज हवी तर यंत्राने लाटेच्या तालावर मोठ्यात मोठे हेलकावे घ्यावे लागतात, अनुनादात जावे लागते. १९७०च्या दशकात नॉर्वेच्या बुडाल आणि फाल्नेस यांनी तर यंत्राला लाटेच्या टोकावर क्षणभर अडकवून, योग्य वेळी सोडून, हेलकावा आणखी वाढवण्याची युक्ती मांडली. स्थैर्य हवे तर नेमके उलटे करायचे असते. तळ स्थिर राहील आणि हलायचे ते फक्त लाटयंत्र हलेल, अशी कामाची वाटणी साधली तरच दोन्ही हेतू एकत्र नांदतात. ती वाटणी चुकली, ब्रेकचे बल अवेळी लागले, तर लाटयंत्र तळाला शमवण्याऐवजी हिसके देते. प्रकाशित अभ्यासांत म्हणूनच दोन्ही तऱ्हेचे निष्कर्ष सापडतात: काही रचनांत डोलणे घटते, काहींत काही लाटांसाठी वाढते. लाटेचा काल बदलला की उत्तर बदलते. त्यामुळे खरे कसब पोलादात कमी आणि झडप केव्हा उघडायची हे ठरवणाऱ्या नियंत्रणात जास्त आहे.

वादळाचा प्रश्न आणखी कडक आहे. ट्रॉनहाइमच्या रचनेतले कडे मोठ्या लाटेत पाण्याबाहेर येऊन पुन्हा आदळू शकते. अभ्यासकांनी त्यावर दोन उपाय तपासले: कडे नळकांड्याला जखडून टाकणे, किंवा दोघांनाही पाण्याखाली बुडवून ठेवणे. म्हणजे ब्रेकची सर्वाधिक गरज असेल त्या रात्री ब्रेक काढून ठेवावा लागतो. अशा वेळी जबाबदारी नांगरांवर येते, आणि नांगर सुटले की काय होते हे महाराष्ट्राने पाहिले आहे. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळात मुंबईच्या तेलक्षेत्रातला पी-३०५ हा निवासी बार्ज नांगर सुटून भरकटला आणि बुडाला. त्यावर २६१ माणसे होती. सत्तरच्या वर कामगार परतले नाहीत. चक्कीवर माणसांची वस्ती नसते. तरी अरबी समुद्रात काही तरंगते ठेवायचे म्हणणाऱ्याने ही घटना विसरून चालणार नाही.

आपला किनारा, आपली प्रयोगशाळा

महाराष्ट्राला तरंगत्या चक्क्या उद्याच हव्यात का? मला तसे वाटत नाही. मुंबईसमोरचा समुद्रतळ जवळजवळ तीनशे किलोमीटरपर्यंत उथळ उताराचा आहे. दीडशेहून अधिक किलोमीटर आत, १९७४ मध्ये तेल सापडलेल्या मुंबई हायवरसुद्धा पाणी ७५ मीटरच्या आसपास खोल आहे. दक्षिणेकडे ही उथळ पट्टी अरुंद होत जाते आणि तरंगत्या तळाचा विचार तिथे अधिक अर्थपूर्ण होतो. केंद्र सरकारचे समुद्री पवनऊर्जा धोरण २०१५चे. जून २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने ७,४५३ कोटी रुपयांचे साहाय्य मंजूर केले तेही गुजरात आणि तमिळनाडूसमोरच्या ५००-५०० मेगावॅटच्या प्रकल्पांना. महाराष्ट्र त्यात नाही. पण १९८६ मध्ये देशात पहिल्यांदा ५५-५५ किलोवॅटच्या चक्क्या उभ्या राहिल्या तेव्हा कोकण किनारा त्यांत होता, आणि पुढे साताऱ्याच्या वनकुसवडे पठाराने व धुळ्याच्या ब्राह्मणवेलने वाऱ्याचा कारभार मोठा केला. नवे यंत्र शिकायला उशीर लावण्याची आपली परंपरा नाही.

आणि शिकायला समुद्रकाठी राहावे लागत नाही. देशातल्या बंदरांच्या लाटांचा अभ्यास १९१६ मध्ये स्थापन झालेल्या खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात होतो, आणि खडकवासल्यापासून समुद्र शंभरेक किलोमीटर दूर आहे. लाट हौदात तयार करता येते, नियम पाळले की झाले. एकास पन्नास प्रमाणाचा नमुना केला तर तीन मीटरची लाट सहा सेंटिमीटरची होते. काळ मात्र पन्नासाच्या वर्गमुळाने आखडतो, म्हणून दहा सेकंदांची लाट १.४ सेकंदांत आली पाहिजे. बल पन्नासाच्या घनाने, सव्वा लाखपटीने घटते: वाऱ्याचा ८० टनांचा रेटा त्या नमुन्यावर उरतो अवघा ६४० ग्रॅमचा. इथेच अडचणही दिसते. पाणी या नियमांना वश होते, हवा होत नाही. इवल्या पात्यांवरचा वारा मोठ्या पात्यांसारखा वागत नाही, पोकळीतली दाबलेली हवाही नाही. म्हणून अनेक प्रयोगांत पाती काढून त्यांच्या जागी संगणकाने हिशेब केलेला रेटा पंख्याने किंवा दोरीने देतात. अर्धा प्रयोग हौदात, अर्धा गणितात.

त्यातला गणिताचा अर्धा भाग यवतमाळातही होऊ शकतो. तरंगत्या चक्कीचे वारा, लाट, नांगर आणि नियंत्रण एकत्र सोडवणारी ओपनफास्ट ही संगणकप्रणाली फुकट आणि खुली आहे. तिचा पाया घालणाऱ्यांपैकी जेसन जाँकमन यांनी तराफ्यावरच्या चक्कीचा तो गाजलेला अभ्यास २००७ मध्ये पूर्ण केला, तो कोलोरॅडोत. रॉकी पर्वताच्या पायथ्याशी, यवतमाळपेक्षाही समुद्रापासून दूर. वर दिलेले ९० मीटर, ३५० टन, १२ सेकंद हे आकडे त्याच खुल्या नमुन्यातले आहेत. इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याला साध्या संगणकावर ते पुन्हा काढून पाहता येतील, चुकीचे आढळले तर या प्रस्तावनेला जाब विचारता येईल.

पुढची प्रकरणे वाचताना त्याने प्रत्येक रचनेला तीन प्रश्न विचारावेत. ही रचना तळाचे कोणते हलणे शमवते, आणि कोणते वाढवते? तिच्यामुळे वरच्या मोठ्या चक्कीची वीज एक टक्का जरी घटली, तर लाटेची वीज तेवढे भरून काढते का? आणि वादळात ती बंद पडली तर उरलेला तळ स्वतःच्या बळावर उभा राहतो का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल तर पहिल्या दोघांची उत्तरे कितीही चांगली असोत, ती रचना कागदावरच ठेवावी. ‘हो’ असेल तर आकडे घेऊन बसावे; पुस्तक त्यासाठीच आहे.